सर्व्हरची नोंदवही कशी वाचावी?

शाळेच्या कार्यालयात आवक-जावक नोंदवही असते. कोणत्या तारखेला कोणाचे पत्र आले, विषय काय होता आणि त्याला कोणत्या जावक क्रमांकाने उत्तर गेले, एवढे तीत एका ओळीत मांडलेले असते. पत्रावरची सही खरोखर त्याच माणसाची होती का, हे त्या वहीत लिहिलेले नसते. उत्तर वाचून त्याने पुढे काय केले, हेही नसते. तरीसुद्धा एखाद्या प्रकरणाची चौकशी निघाली की सर्वांत आधी हीच वही मागवली जाते.

प्रत्येक संकेतस्थळामागे असलेला संगणकही अशीच एक वही ठेवतो. या संगणकाला सर्व्हर म्हणतात आणि त्याच्या वहीला लॉग. आपण एखादे पान उघडतो तेव्हा आपला संगणक सर्व्हरकडे एक मागणी पाठवतो. सर्व्हर तिला उत्तर देतो आणि त्या व्यवहाराची एक ओळ आपल्या लॉगमध्ये लिहून ठेवतो. एका पानावर दहा चित्रे असतील, तर पान आणि चित्रे मिळून अकरा मागण्या जातात व अकरा ओळी उमटतात.

संगणकीय गुन्ह्यांचा तपास ही आता न्यायसहायक विज्ञानाची एक शाखा झाली आहे. या शाखेत काम करू इच्छिणाऱ्यांसाठी प्रमाणपत्र परीक्षा घेतल्या जातात. त्यांत एका ठरावीक प्रकारचा प्रश्न असतो. लॉगमधील एक-दोन ओळी दिलेल्या असतात आणि त्यांवरून काय घडले ते चार पर्यायांतून निवडायचे असते. ओळीत जे लिहिलेले नाही तेही वाचण्याचा मोह अशा वेळी होतो. परीक्षेत या मोहाची किंमत एक-दोन गुण असते. प्रत्यक्ष तपासात ती एखाद्या निरपराध माणसाला मोजावी लागते. म्हणून ओळीतील प्रत्येक रकाना काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे या लेखात क्रमाने पाहू.

एका ओळीची फोड

पुढील ओळ पाहा. प्रत्यक्ष लॉगमध्ये ती रोमन अक्षरांत असते. येथे सोयीसाठी देवनागरीत दिली आहे.

१९२.०.२.२५ - - [१२/ऑग/२०२४:०९:१५:३२ +०५३०] "गेट /निकाल.एचटीएमएल एचटीटीपी/१.१" २०० ५१२०

ही मांडणी वेबच्या सुरुवातीच्या काळातील सर्व्हरांपासून चालत आली आहे आणि १९९५ साली आलेल्या 'अपाची' या सर्व्हरमुळे ती सर्वत्र रूढ झाली. तिच्यात सात रकाने आहेत.

पहिला रकाना मागणी करणाऱ्याचा आयपी पत्ता. (येथे वापरलेला पत्ता केवळ उदाहरणांसाठी राखून ठेवलेल्या संचातला आहे; तो कोणाचाही नाही.) दुसरा रकाना एका जुन्या ओळख-पद्धतीसाठी होता. आज तो जवळजवळ नेहमीच रिकामा असतो आणि रिकाम्या जागी आडवी रेघ येते. तिसरा रकाना वापरकर्त्याच्या नावाचा. सर्व्हरने स्वतः नाव व परवलीचा शब्द विचारला असेल तरच तो भरला जातो. चौथा रकाना तारीख आणि वेळ. पाचवा, अवतरणचिन्हांतला, म्हणजे प्रत्यक्ष मागणी: कोणती क्रिया, कोणती वस्तू आणि कोणत्या नियमावलीनुसार. सहावा रकाना सर्व्हरने दिलेल्या उत्तराचा क्रमांक. सातवा, उत्तरात पाठवलेल्या मजकुराचे आकारमान बाइटमध्ये.

या ओळीचे वाचन असे होईल: १२ ऑगस्ट २०२४ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून १५ मिनिटे ३२ सेकंदांनी १९२.०.२.२५ या पत्त्यावरून निकालाचे पान मागितले गेले. सर्व्हरला ते सापडले आणि त्याने ५१२० बाइट पाठवले. निकाल कोणी पाहिला, किंबहुना कोणी पाहिला की नाही, हे ओळ सांगत नाही.

पुष्कळदा आणखी दोन रकाने जोडलेले असतात. त्यांपैकी एकात वाचक कोणत्या पानावरील दुव्यावरून येथे आला ते असते. या रकान्याचे इंग्रजी नाव 'रेफरर'. वेबचे नियम लिहिताना त्याच्या स्पेलिंगमधला एक 'आर' गळाला आणि १९९६ साली ते नियम प्रसिद्ध झाल्यापासून तीच चूक प्रमाण मानली गेली. दुसऱ्या रकान्यात ब्राउझरने स्वतःची दिलेली ओळख असते. हे दोन्ही रकाने मागणी करणारा स्वतः भरून पाठवतो. त्यात खोटी माहिती लिहिणे अगदी सोपे आहे, त्यामुळे त्यांना पुराव्याइतके वजन देता येत नाही.

मायक्रोसॉफ्टच्या 'आयआयएस' या सर्व्हरची वही वेगळ्या मांडणीची असते. तिच्यात कोणते रकाने ठेवायचे ते व्यवस्थापक ठरवतो. फाइलीच्या आरंभी 'फील्ड्स' या शब्दाने सुरू होणारी एक ओळ असते आणि तिच्यात रकान्यांची नावे क्रमाने दिलेली असतात. ती न वाचता पुढे गेले, तर सर्व्हरचाच पत्ता पाहुण्याचा समजला जाण्याचा धोका असतो.

उत्तराचे क्रमांक

उत्तराचा क्रमांक तीन अंकी असतो आणि त्याचा पहिला अंक उत्तराचा वर्ग सांगतो. २ ने सुरू होणारे क्रमांक म्हणजे मागणी मान्य. ३ म्हणजे दुसरीकडे जा, किंवा तुमच्याजवळ आहे तीच प्रत वापरा. ४ म्हणजे मागणीत दोष आहे. ५ म्हणजे दोष सर्व्हरच्या बाजूला आहे. नेहमी भेटणारे क्रमांक थोडेच आहेत. २०० म्हणजे ठीक. ३०२ म्हणजे तात्पुरते दुसऱ्या पानावर पाठवले. ३०४ म्हणजे पान बदललेले नाही. ४०१ म्हणजे ओळख पटवा. ४०३ म्हणजे मनाई. ४०४ म्हणजे सापडले नाही. ५०० म्हणजे सर्व्हरमध्ये अंतर्गत बिघाड.

एकाच पत्त्यावरून काही सेकंदांत शेकडो ४०४ आले, तर तिकडून कोणीतरी, बहुधा एखादा प्रोग्राम, एकेक नाव घेऊन दारे ठोठावत आहे असे अनुमान काढता येते. अशा रांगेत मध्येच एखादा २०० दिसला, तर तपास तेथे थांबतो आणि त्या ओळीकडे नीट पाहतो.

मात्र '२०० म्हणजे हल्ला यशस्वी आणि ४ किंवा ५ ने सुरू होणारा क्रमांक म्हणजे फसला' असा सोपा नियम करता येत नाही. तो दोन्ही बाजूंनी कसा चुकतो, हे गाजलेल्या दोन घटनांतून स्पष्ट होईल.

टक्केचिन्हामागे दडलेली रेघ

वेबच्या पत्त्यात काही चिन्हे थेट लिहिता येत नाहीत. त्यांच्याऐवजी टक्केचिन्ह आणि त्यापुढे सोळाच्या पायावरील दोन अंक लिहितात. या पद्धतीत ० ते ९ नंतर दहा ते पंधरासाठी ए ते एफ ही अक्षरे येतात. मोकळी जागा %२० अशी लिहिली जाते, तर तिरपी रेघ %२एफ अशी.

संगणकातील फोल्डरांच्या मार्गात दोन टिंबे आणि तिरपी रेघ यांचा अर्थ 'एक पायरी वर जा' असा होतो. सर्व्हर बाहेरच्या माणसाला फक्त ठरवून दिलेल्या फोल्डरातील वस्तू देतो. कोणी '../' लिहून वर चढू पाहिले, तर त्याने ते ओळखून नकार द्यायला हवा. आयआयएसच्या ४ व ५ या आवृत्त्या हे तपासत असत, पण त्यांच्या तपासणीत एक फट राहिली होती. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २००० मध्ये तिच्याविषयी सुरक्षा-पत्रक काढले.

ही फट समजून घेण्यासारखी आहे, आणि द्विमान संख्या शिकवताना तिचे उदाहरणही देता येईल. तिरप्या रेघेचा संकेतांक ४७, म्हणजे द्विमान पद्धतीत ००१०११११. 'यूटीएफ-८' या लेखनपद्धतीत तो एका बाइटमध्ये मावतो. मोठ्या संकेतांकांसाठी दोन बाइट घेतात. त्यांपैकी पहिल्याची सुरुवात ११० ने, तर दुसऱ्याची १० ने होते. पहिल्यात पाच आणि दुसऱ्यात सहा जागा मोकळ्या राहतात. आता तिरप्या रेघेचे १०११११ हे सहा अंक दुसऱ्या बाइटमध्ये भरा आणि पहिल्यातील पाच जागांत शून्ये ठेवा. मिळतात ११०००००० आणि १०१०११११. सोळाच्या पायावर हेच सी० आणि एएफ. म्हणजे %सी०%एएफ ही तीच तिरपी रेघ, फक्त विनाकारण लांबवून लिहिलेली. ५ ऐवजी ०५ लिहावे तशी. प्रमाण नियमानुसार असे लेखन अमान्य आहे. आयआयएस मात्र आधी '../' आहे का ते तपासत असे आणि नंतर हे लेखन उलगडत असे. तपासणीच्या वेळी रेघ दिसत नसे आणि काम करताना ती हजर असे.

१८ सप्टेंबर २००१ रोजी पसरलेल्या 'निम्डा' या संगणक-कृमीने अनेक वाटा वापरल्या. त्यांत ही फटही होती. त्या दिवसांतील अपाची सर्व्हरांच्या लॉगमध्येसुद्धा पुढील प्रकारच्या ओळींचा पाऊस पडला होता:

"गेट /स्क्रिप्ट्स/..%सी०%एएफ../विनएनटी/सिस्टम३२/सीएमडी.ईएक्सई?/सी+डीआयआर एचटीटीपी/१.०" ४०४

परीक्षेत आजही याच्यासारख्या ओळी भेटतात. तिचे वाचन डावीकडून उजवीकडे करावे. 'स्क्रिप्ट्स' हे प्रोग्राम चालवण्याची परवानगी असलेले फोल्डर. तेथून %सी०%एएफ च्या आड लपून वर चढायचे. मग विंडोजच्या फोल्डरात उतरून 'सीएमडी' हा आज्ञा पाळणारा प्रोग्राम गाठायचा. प्रश्नचिन्हाच्या पुढे त्याला द्यायची आज्ञा आहे. अधिकचे चिन्ह येथे मोकळ्या जागेसाठी आले आहे आणि 'डीआयआर' म्हणजे फोल्डरातील फाइलींची यादी. शेवटचा ४०४ सांगतो की या सर्व्हरवर असे काही सापडले नाही. अपाचीला ही फट लागूच नव्हती, त्यामुळे ही ओळ प्रयत्नाची साक्ष देते, घुसखोरीची नाही.

फट न बुजवलेल्या आयआयएसवर याच मागणीला २०० उत्तर मिळे, कारण यादीचा मजकूर खरोखरच परत पाठवला जाई. पण आज्ञा 'कॉपी' ची असेल तर गंमत होई. फाइलीची प्रत निघे, परंतु 'कॉपी' ही आज्ञा वेबच्या नियमांत बसणारे उत्तर तयार करत नसल्याने सर्व्हर ५०२ हा चुकीचा क्रमांक नोंदवी. ५०२ पाहून 'हल्ला फसला' असे लिहिणारा परीक्षार्थी येथे चुकतो. सर्व्हरला नीट उत्तर देता आले नाही एवढेच हा क्रमांक सांगतो. आज्ञा पाळली गेली का, ते डिस्कवर जाऊन पाहावे लागते.

साडेतीन लाख 'आरोपी'

दुसरी घटना जुलै २००१ मधील. आयआयएसबरोबर येणाऱ्या शोध-सुविधेत एक दोष होता. ठरावीक जागेत मावेल त्याहून लांब मजकूर आला, तर तो शेजारच्या स्मृतीत सांडत असे आणि त्या सांडलेल्या भागात लिहिलेल्या सूचना संगणक पाळू लागे. मायक्रोसॉफ्टने १८ जून २००१ रोजी दुरुस्ती उपलब्ध करून दिली होती. पुष्कळांनी ती बसवली नाही. जुलैच्या मध्यावर या दोषाचा फायदा घेणारा एक कृमी फिरू लागला. त्याचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांनी त्या वेळी ते पीत असलेल्या शीतपेयावरून त्याला 'कोड रेड' हे नाव दिले.

त्याची लॉगमधील ओळ विसरता न येण्यासारखी आहे. 'गेट /डीफॉल्ट.आयडीए?' आणि त्यापुढे इंग्रजी 'एन' हे अक्षर दोनशेहून अधिक वेळा. त्यानंतर टक्केचिन्हांनी भरलेला मजकूर येतो आणि खरे काम तोच करतो. 'एन' ची रांग केवळ जागा भरून काढण्यासाठी असते. ऑगस्टच्या आरंभी आलेल्या 'कोड रेड २' मध्ये 'एन' च्या जागी 'एक्स' होते. एवढ्या फरकावरूनही दोन कृमी वेगळे ओळखता येतात आणि परीक्षेत तेवढेच विचारलेले असू शकते.

१९ जुलै २००१ या एका दिवशी चौदा तासांच्या आत ३,५९,००० हून अधिक संगणकांना या कृमीची लागण झाली. प्रत्येक बाधित संगणक स्वतःहून नवे पत्ते निवडून त्यांच्यावर तीच मागणी पाठवत होता. समजा, त्या दिवशीचा एखादा लॉग आपल्यासमोर आहे आणि पहिल्या रकान्यात हजार वेगवेगळे पत्ते आहेत. हे हजार हल्लेखोर आहेत का? नाही. हे हजार बळी आहेत. त्या संगणकांच्या मालकांना आपला संगणक काय करतो आहे याची कल्पनाही नव्हती. शिवाय मूळचा 'कोड रेड' फक्त स्मृतीत राहत असे, डिस्कवर स्वतःला लिहीत नसे. संगणक बंद करून पुन्हा सुरू केला की तो नाहीसा होई आणि त्याच्याबरोबर मालकाच्या निर्दोषत्वाचा पुरावाही जाई.

पत्ता म्हणजे माणूस नव्हे

आयपी पत्ता ही एका जोडणीची खूण असते. शाळेच्या संगणक कक्षात वीस संगणक असतील, तरी बाहेरच्या जगाला ते बहुधा एकाच पत्त्याने दिसतात. मोबाइल कंपन्या तर एकच पत्ता एकाच वेळी पुष्कळ ग्राहकांत वाटून देतात. अशा ठिकाणी नेमका ग्राहक शोधायचा असेल तर पत्ता आणि वेळ यांच्या जोडीला पोर्टचा क्रमांकही लागतो. हा क्रमांक सर्व्हरांनी नोंदवावा अशी शिफारस २०११ सालीच झाली आहे, परंतु वर पाहिलेल्या नेहमीच्या मांडणीत त्याच्यासाठी रकानाच नाही.

या साध्या गोष्टीचे परिणाम किती गंभीर होऊ शकतात याचे उदाहरण महाराष्ट्रातच घडले आहे. छत्रपती शिवाजी महाराजांची बदनामी करणारा मजकूर ऑर्कुट या तेव्हाच्या लोकप्रिय संकेतस्थळावर टाकला गेला होता. त्या प्रकरणी २००७ साली पुणे पोलिसांनी बंगळूरच्या एका तरुण संगणक तंत्रज्ञाला अटक केली. आधार होता आयपी पत्त्यावरून इंटरनेट कंपनीने दिलेल्या ग्राहकाच्या नावाचा. ते नाव चुकीचे होते. ज्याचा त्या मजकुराशी काहीही संबंध नव्हता असा माणूस सुमारे पन्नास दिवस येरवड्याच्या तुरुंगात राहिला. लॉगमधील ओळीपासून माणसापर्यंतच्या साखळीत एक कडी चुकली की असे घडते.

वेळेचा घोळ

साखळीतील सर्वांत सहज चुकणारी कडी म्हणजे वेळ. अपाचीच्या ओळीत वेळेपुढे +०५३० असे लिहिलेले असते, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे. आयआयएसच्या नेहमीच्या मांडणीत मात्र वेळ जागतिक प्रमाणवेळेतच असते आणि ओळीत तसे लिहिलेले नसते. तेथील ११ ऑगस्ट, २०:१०:४७ ही नोंद आपल्याकडील १२ ऑगस्टच्या पहाटेची, १ वाजून ४० मिनिटे ४७ सेकंदांची असते. तासच बदलतात असे नाही, तारीखही बदलते. एखाद्या कंपनीकडे चुकीच्या वेळेची माहिती मागितली, तर तो पत्ता त्या वेळी ज्याच्याकडे होता त्या भलत्याच ग्राहकाचे नाव हाती येऊ शकते.

घड्याळ बरोबर होते का, हाही प्रश्न उरतोच. आपल्या देशात सीईआरटी-इन या केंद्र सरकारच्या संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या निर्देशांत संगणकांची घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा यांच्या वेळेशी जुळवण्यास आणि लॉग १८० दिवस जपण्यास सांगितले आहे.

आणखी एक बारकावा लक्षात ठेवावा. अपाची मागणी आल्याची वेळ नोंदवतो, पण ओळ लिहितो ती काम पूर्ण झाल्यावर. त्यामुळे मोठी फाइल मागणारी आधीची ओळ छोट्या फाइलीच्या नंतरच्या ओळीखाली दिसू शकते. ओळींचा क्रम म्हणजे घटनांचा क्रम असे गृहीत धरू नये.

लिहिणारा कोण?

लॉग सर्व्हर लिहितो हे खरे, पण त्यातील बराचसा मजकूर मागणी करणाऱ्याचा असतो. याचे भान डिसेंबर २०२१ मध्ये साऱ्या जगाला आले. जावा भाषेतील प्रोग्रामांसाठी लॉग लिहिण्याचे काम करणारे 'लॉग४जे' नावाचे साधन फार मोठ्या प्रमाणावर वापरात होते. नोंदवायच्या मजकुरात एका विशिष्ट खुणेने दुसऱ्या संगणकाचा पत्ता लिहिलेला असेल, तर हे साधन तो मजकूर नुसता लिहून न ठेवता त्या पत्त्यावर जाऊन चौकशी करत असे आणि तेथून आलेले प्रोग्राम चालवले जाऊ शकत. हल्लेखोर ब्राउझरच्या ओळखीच्या रकान्यात अशी खूण पेरून ठेवू लागले. नोंद करणे हीच दार उघडण्याची कृती ठरली. अपाची वेब सर्व्हर स्वतः हे साधन वापरत नाही, पण त्याच्याही लॉगमध्ये अशा खुणा त्या दिवसांत दिसल्या. येथेही ओळ प्रयत्न दाखवते. फलित पाहायचे तर त्यामागचा प्रोग्राम तपासावा लागतो.

नोंद पुरावा कधी होते?

घुसखोर सर्व्हरमध्ये शिरला असेल तर तो लॉगमधील ओळी पुसू किंवा बदलू शकतो. म्हणून लॉगची प्रत त्याच वेळी दुसऱ्या संगणकावर पाठवण्याची पद्धत आहे. तपास करणारा मूळ फाइलीला हात लावत नाही. तिची प्रत घेतो आणि दोन्हींचा 'हॅश' काढतो. हॅश म्हणजे फाइलीतील सर्व मजकुरावरून गणिताने काढलेली ठरावीक लांबीची संख्या. फाइलीतील एक स्वल्पविराम बदलला तरी ती पार बदलते. दोन्ही हॅश सारखे असतील तर प्रत जशीच्या तशी आहे असे म्हणता येते.

न्यायालयात अशा प्रतीबरोबर प्रमाणपत्र द्यावे लागते. ते कधी आवश्यक आहे हा वाद सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली मिटवला, तोही महाराष्ट्रातील एका खटल्यात. जालना मतदारसंघातील २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत एक उमेदवारी अर्ज मुदतीत दाखल झाला की मुदत टळल्यावर, असा प्रश्न होता. उत्तर शोधायचे होते ते निवडणूक कार्यालयातील चित्रीकरणात. मूळ उपकरण न्यायालयात आणलेले नसेल, तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे असा निर्णय झाला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार द्यायच्या प्रमाणपत्रात हॅशही नमूद करावा लागतो.

वर्गात करण्याजोगा एक अभ्यास

पुढील ओळी फळ्यावर लिहाव्यात. सर्व ओळी २०३.०.११३.९ या एकाच पत्त्यावरून, एकाच रात्री एका शाळेच्या सर्व्हरवर आल्या आहेत असे समजू. उदाहरण काल्पनिक आहे.

२३:४०:०५ "पोस्ट /लॉगिन" २०० २३११
२३:४०:०६ "पोस्ट /लॉगिन" २०० २३११
२३:४०:०७ "पोस्ट /लॉगिन" २०० २३११
२३:४०:०८ "पोस्ट /लॉगिन" ३०२ -
२३:४०:०९ "गेट /गुणपत्रक/संपादन" २०० ८७४०
२३:४१:३० "पोस्ट /गुणपत्रक/जतन" २०० १५०२

विद्यार्थ्यांना वहीत दोन रकाने करायला सांगावेत: 'ओळ सांगते' आणि 'आपण अनुमान करतो'. मग चर्चा पुढीलप्रमाणे नेता येईल.

पहिल्या तीन ओळींत २०० आहे, म्हणजे प्रवेश मिळाला का? बहुधा नाही. 'परवलीचा शब्द चुकला' असे सांगणारे पानही व्यवस्थितच पाठवले जाते आणि त्याची नोंद २०० अशीच होते. तीनही उत्तरे नेमकी २३११ बाइटची आहेत, यावरून तेच पान तीनदा आले असावे. चौथ्या ओळीत ३०२ येऊन पाहुण्याला दुसऱ्या पानाकडे पाठवले गेले आणि लगेच संपादनाचे पान उघडले. प्रवेश मिळाला हे अनुमान येथे बळकट होते.

हे काम माणसाचे की प्रोग्रामचे? दर सेकंदाला एक प्रयत्न पाहता पहिल्या चार ओळी प्रोग्रामच्या वाटतात. शेवटच्या दोन ओळींतले एक्याऐंशी सेकंदांचे अंतर माणसाला शोभणारे आहे. हेही अनुमानच.

गुण बदलले गेले का? ओळ हे सांगत नाही. 'गेट' मागणीत प्रश्नचिन्हापुढचा मजकूर लॉगमध्ये दिसतो. 'पोस्ट' मध्ये भरलेला मजकूर त्यात येत नाही. गुणपत्रकाचा माहितीसाठा आणि आदल्या दिवशीची राखीव प्रत यांची तुलना केल्यावरच याचे उत्तर मिळेल.

हे कोणी केले? येथे वर्गातील एखाद्या 'संगणकात हुशार' मुलाचे नाव पुढे येण्याची शक्यता असते. शिक्षकांनी हा क्षण वाया जाऊ देऊ नये. पत्ता एका जोडणीचा आहे. ती घरातील असेल तर घरातील सर्वांची आहे, सायबर कॅफेतील असेल तर तेथे येणाऱ्या सर्वांची, आणि त्या संगणकात कृमी शिरला असेल तर बाहेरच्या कोणाचीही. त्या रात्री पावणेबाराच्या सुमारास त्या जोडणीवर कोण होते हे दुसऱ्या, स्वतंत्र पुराव्याने ठरेपर्यंत वहीच्या दोन्ही रकान्यांत कोणाचेही नाव लिहू नये.